वेंडोव्हरचं बारावं चित्र

"म्हणजे वेंडोव्हरनंही असलं भिकार काम केलं होतं तर!" दुकानाच्या काचेपुढे उभ्या असलेल्या दोघांपैकी जाड्या म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्या गॅमेलियल टारबॉक्सच्या पोटात काहीतरी कोमट, गोड असं हललं. "सुरुवातीचं असेल," बारका म्हणाला. "सुरुवातीचं असो नाहीतर शेवटचं. मान बघ की. बाटलीचं बूच काढून डोकं बसवलंय नुसतं. आणि या माणसाला आपण चाळीस वर्षं डोक्यावर घेऊन नाचलो!" दोघं हसत हसत बंदराच्या दिशेनं निघून गेले. टारबॉक्स तसाच उभा राहिला. काखेत खारवलेल्या कॉड माशाचा पुडा होता, एप्रिलचा वारा कोटाच्या आत शिरत होता, आणि त्याला वाटत होतं की धावत जाऊन त्या जाड्याला गाठावं, म्हणावं, साहेब, जरा परत म्हणा ना, मला नीट ऐकू आलं नाही. काचेआड चित्रातला तो बाटलीमानेचा खलाशी त्याच्याकडे दोन वेगवेगळ्या उंचीवरच्या डोळ्यांनी बघत होता. खाली कार्ड होतं : जोसाया वेंडोव्हर, बोस्टन. तीन आठवड्यांपूर्वी टारबॉक्सनं स्वतःच्या हातानं तसा दाखला लिहून दिला होता. हा खलाशी कोणत्या अडाण्यानं रंगवला होता ते देवाला ठाऊक, पण वेंडोव्हरनं नाही, एवढं टारबॉक्सला पक्कं ठाऊक होतं.

आणि ते फक्त त्यालाच ठाऊक होतं, हीच यातली मजा होती. वेंडोव्हर दोन वर्षांपूर्वी गेला, ऐंशी वर्षांचा होऊन, अंथरुणात, लोकांनी रडत रडत पोचवला. त्या काळी चित्रावर सही करायची रीतच नव्हती. गिऱ्हाईक ओळखीचं, चितारी ओळखीचा, सही कशाला? कुणाकुणाची चित्रं काढली याची वेंडोव्हरची वही चित्रशाळेच्या आगीत कधीच जळून गेली होती. आता मे महिन्यात त्याच्या स्मरणार्थ मोठं प्रदर्शन भरायचं होतं, साऱ्या न्यू इंग्लंडमधून लोक माळ्यावरचे आजेपणजे झटकून काढत होते आणि आमचाही वेंडोव्हरचाच म्हणून घेऊन येत होते. खरं-खोटं करणार कोण? प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळानं शोधाशोध केली तेव्हा त्याच्या हाताखाली काम केलेला एकच माणूस जिवंत सापडला. तो एका खाणावळीच्या वरच्या मजल्यावर राहत होता आणि गेली चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या, बग्ग्यांची दारं आणि आग विझवायच्या चामडी बादल्यांवर मालकांची नावं रंगवत होता. मंडळाचे दोन गृहस्थ टोप्या हातात घेऊन त्याच्या जिन्यानं वर आले, तेव्हाच टारबॉक्सला कळलं की देव आहे.

खोटे दाखले देऊन वेंडोव्हरचा खरा माल नाकारायचा, हे आधी मनात आलं होतं. पण त्यात काय राम? नाकारलेली चित्रं चांगलीच राहिली असती. लोक म्हणाले असते, किती सुंदर, कोणाचं असेल बरं? त्यापेक्षा हे बरं. जे जे ओबडधोबड, तिरळं, लाकडी येईल, त्यावर नाकापुढे भिंग धरायचं, बराच वेळ 'हं' करायचं, आणि म्हणायचं : निःसंशय. त्यांचाच हात. अशी अकरा झाली होती. दोन डोळे चुकलेला खलाशी, बिनखांद्यांच्या दोघी बहिणी, पाळण्यात ठेवलेल्या भोपळ्यासारखं एक बाळ. सगळी एका भिंतीवर लागणार होती, आणि ती भिंत बघून माणसं जिना उतरताना आपसात जे बोलणार होती ते आज त्याला आगाऊ ऐकायला मिळालं. मेलेल्या माणसाला मारता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी नीट प्रयत्न केलेला नसतो.

खाणावळीच्या दारात मालकीण मिसेस पूल चटई झटकत होती. "आज स्वारी गुणगुणतेय," ती म्हणाली. "सकाळपासून तेच एक स्तोत्र, तेही नाकातून. चर्चमध्ये कधी तोंड उघडत नाही तुम्ही."

"चर्चमध्ये तुम्ही असता ना, मिसेस पूल. तुमच्या आवाजापुढे माझा काय पाड लागणार?"

"द्या तो मासा इकडे. आणि वर एक बाई येऊन बसल्यात. फळकुटाएवढं गाठोडं घेऊन. वुस्टरहून आल्यात रेल्वेनं. म्हणजे अजून एक वेंडोव्हर. तुमच्या त्या गुरूनं कधी झोप तरी घेतली का हो?"

गुरू. हा शब्द त्याला जिन्याच्या पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पुरला. सतराव्या वर्षी आईनं त्याला त्या माणसाच्या दारात आणून सोडलं होतं. दोन वर्षं त्यानं रंग घोटले, कॅनव्हास ताणले, मग बटणं काढली, पडदे काढले, आणि एका न्यायाधीशाच्या गळ्याची सगळीच्या सगळी लेस काढली. बघणारे म्हणायचे लेस अगदी हाताला लागते, आणि वेंडोव्हर मान झुकवून ते कौतुक स्वतःच्या खिशात घालायचा. चांगला तांबडा रंग तो कपाटात कुलूप लावून ठेवायचा. टारबॉक्सनं एकदा स्वतःच्या मनानं, बाजारातल्या एका पुडीतला गुलाबी रंग घोटून ठेवला होता, डोळे दिपतील असा. वेंडोव्हरनं तो बोटावर घेतला, हुंगला, आणि रंग घोटायचा अख्खा दगड चुलाणावर उपडा केला. "असली बाजारू घाण चेहऱ्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही. कळलं?" कद्रू मेला. दुसऱ्याच्या हातून काही चमकलेलं त्याला बघवायचंच नाही. आणि मग तो दिवस. मार्च १८०९, खिडकीत ऊन, खुर्चीत एका जहाजमालकाची मुलगी, तिची आई, तिच्या दोन मावश्या. टारबॉक्सला पहिल्यांदा हात काढायला दिला होता, त्या मुलीचा डावा हात, मांडीवर ठेवलेला. त्यानं दोन तास जीव ओतून काढला. वेंडोव्हर मागून आला, पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "टारबॉक्स, तुझा डोळा चांगला आहे रे, पण हात खाटकाचा आहे. तू बादल्या रंगव लेका. बादली कधी तक्रार करत नाही की मी अशी दिसत नाही म्हणून." मावश्या हसल्या. आई हसली. ती मुलगी हसली नाही, तिनं नुसता आपला खरा हात शालीखाली लपवला, आणि तेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं. चाळीस वर्षांत एकही बादली अशी गेली नाही की जिच्यावर ब्रश टेकवताना ते वाक्य त्याच्या कानात वाजलं नाही. माणूस एवढा डूख धरू शकतो याचं त्याचं त्यालाच कधीकधी नवल वाटायचं, जसं एखाद्याला आपल्या चांगल्या तब्येतीचं वाटतं.

पण तो खाटिक नव्हता. हे सिद्ध करणारं एक चित्र या जगात कुठेतरी होतं, आणि त्या एका चित्रावर तो जगला होता. त्याच संध्याकाळी त्यानं वेंडोव्हरचं घर सोडलं. आईनं रडत रडत आपल्या गादीची जाड पट्टेरी खोळ उसवून दिली, कॅनव्हास घ्यायची ऐपत नव्हती म्हणून. गावोगाव हिंडून चेहरे काढायचे असं ठरवून तो नदीकाठच्या हॅडलीपर्यंत चालत गेला. तिथे एका शेतकऱ्याच्या घरी अकरा दिवस राहिला आणि त्याच्या मुलीला रंगवलं. युनिस तिचं नाव. बाहेर उशिराचा बर्फ पडलेला, त्या बर्फाचा उजेड खिडकीतून तिच्या गालावर आलेला, अंगात गुलाबी झगा, हातात तळघरातल्या पेंढ्यातून काढलेली शेवटची पिवळी नासपती. ती बसायची तेव्हा काही बोलायची नाही, पण नासपतीचा वास तिच्या बोटांना लागलेला असायचा. अकरा दिवसांत त्याला एकदाही वेंडोव्हरची आठवण झाली नाही. पुढे कुठल्याच गावात त्याला काम मिळालं नाही. एका सरायवाल्यानं सांगितलं की बोस्टनहून पत्रं आलीत, पोरगं अर्धवट शिकलेलं आहे म्हणून. कोणी पाठवली असतील ते सांगायला नको. तो परत आला आणि बादल्यांना लागला. पण ते चित्र! मनातल्या मनात ते त्यानं इतक्यांदा पाहिलं होतं की त्यातली झग्याची एकेक चुणी त्याला पाठ होती. तो गाल, ती बोटं, ती नासपती, उचलून खावी अशी. वेंडोव्हरला आयुष्यात एकदा जरी तसला गाल जमला असता तर! ते एकदा कुणी घेऊन आलं पाहिजे होतं. सगळ्या बोस्टनसमोर ते त्या अकरा भुतांच्या भिंतीशेजारी टांगायचं आणि खाली कार्ड लावायचं. दोन महिने तो प्रत्येक गाठोड्याची दोरी सुटताना श्वास धरून बसायचा.

खुर्चीच्या कडेला बसलेली बाई तो आत येताच उठली. पस्तिशीची असेल, काळे कपडे, नवं सुतक. डावी भुवई जरा वर चढलेली, त्यामुळे ती सारखी काहीतरी विचारते आहे असं वाटत होतं. "मी मिसेस बीअर्स. हल्डा बीअर्स. माझ्या भावानं पाठवलंय मला. हे आमच्या आईचं. मार्चमध्ये गेली ती."

"बरं. सोडा ती दोरी," टारबॉक्स म्हणाला आणि श्वास धरला.

रजईतून चित्र बाहेर आलं आणि त्यानं श्वास सोडून दिला. धुरानं तपकिरी झालेलं, चपटं, एक बाई. तोंड समोर, नाक बाजूला. झगा राखेसारखा पांढुरका, प्रेताला नेसवतात तसा. तो नाकातल्या नाकात स्तोत्र गुणगुणत जवळ गेला. मागची बाजू पाहणं त्यानं कधीच सोडून दिलं होतं. निकाल आधीच ठरलेला असल्यावर पुरावा कशाला? आणि आज तर तो जाड्या अजून कानात बोलत होता.

"वा," तो म्हणाला. "हात बघा बाई. गाजरांची जुडी बांधून मांडीवर ठेवावी तसा. आणि त्यात हे काय धरलंय? बटाटा?"

"आम्ही लहानपणी अंडं म्हणायचो," ती अवघडून हसली.

"अंडंच असणार. कोंबडीनंसुद्धा परत मागितलं नसतं. आणि गालावर हा पांढरा डाग कसला? रोग होता का काही?"

"नाही हो." तिची भुवई आणखी वर गेली. "म्हणजे... हे वेंडोव्हरचं नाही का? बंधूंना फार आशा होती."

"नाही कसं! हेच तर वेंडोव्हर." तो टेबलाशी बसला, कागद पुढे ओढला. असं चित्र आजवर आलं नव्हतं. अकरांचा हा राजा होता. भिंतीच्या अगदी मधोमध. "लोकांना त्यांचे रेशमी न्यायाधीश माहीत आहेत बाई. मला हा खरा हात माहीत आहे. एवढा ठोकळा माणूस एवढं नाव कमावून गेला, यातच त्याची करामत." त्यानं लिहिलं, खाली सही केली, शाई वाळायला रेती टाकली आणि पुन्हा गुणगुणू लागला. बादल्यांनी त्याला सरळ अक्षर दिलं होतं.

बाई चित्राकडे बघत होती. "आईला मात्र फार जपून ठेवायचं होतं हे. लग्न होऊन वुस्टरला आली तेव्हा ट्रंकेआधी हे गाडीत चढवलं म्हणे. बाबा म्हणायचे, माळ्यावर टाक ते भूत. नाही ऐकलं. चाळीस वर्षं पलंगासमोर, उन्हाच्या खिडकीत. शेवटी शेवटी तर..." ती थांबली. "शेवटी तिला भ्रम व्हायचा थोडा. म्हणायची, माझा गुलाबी झगा कुणी पुसला? आम्ही म्हणायचो, आई, पांढराच आहे तो, नेहमीच पांढरा होता. तर चिडायची. गुलाबी होता, गुलाबी होता. बंधूंनी डॉक्टरांनाही सांगितलं ते."

टारबॉक्सच्या नाकातलं स्तोत्र मध्येच तुटलं.

तो उठला. खोली होती तिथेच होती, खाली मिसेस पूल मासा पाण्यात टाकत होती, तो आवाजही येत होता. त्यानं चित्र दोन्ही हातांनी धरलं आणि उलटं केलं. निळे-पांढरे पट्टे. गादीच्या खोळीचं कापड. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं, बारीक फुल्याफुल्यांच्या टाक्यांत, न्यू इंग्लंडमधली प्रत्येक गृहिणी आपल्या चादरी-खोळींवर घालते तशी खूण : एच. टी. ७. हेप्झिबा टारबॉक्स, खोळ सातवी. आठवी आणि नववी अजून त्याच्या पलंगावर होत्या.

त्यानं चित्र परत सुलटं केलं. आता ते दिसलं, आणि दिसलं हे फार वाईट झालं, कारण त्यात काहीच बदललं नाही. उजेड नव्हता. बर्फ नव्हता. तो पांढरा डाग म्हणजे तो बर्फाचा उजेड. तो बटाटा म्हणजे ती नासपती. गाजरांची जुडी म्हणजे ती बोटं, ज्यांचा वास त्याला आत्ताही येत होता. युनिस त्यात कुठेच नव्हती, फक्त ही डावी भुवई, ती तेवढी चुकून बरोबर आली होती, आणि ती समोर काळ्या कपड्यांत उभी होती. चाळीस वर्षं त्याच्या डोक्यात जे चित्र टांगलेलं होतं ते कुणी काढलं होतं मग? रोज थोडं थोडं, बादल्या वाळत असताना, त्यानंच. डोळा चांगला आहे रे तुझा. आणि झगा! तो दगड चुलाणावर उपडा झाला तेव्हा त्यानं पुडीतला उरलेला रंग गुपचूप खिशात घातला होता. त्या रात्री आईच्या खोळीत गुंडाळून तोच नेला होता बरोबर, वेंडोव्हरच्या नाकावर टिच्चून. फिरकू द्यायची नाही, कळलं? हा रंग उन्हात उडून जाणार हे म्हाताऱ्यानं हुंगून ओळखलं होतं. सांगितलं होतं, आपल्या कुजकट पद्धतीनं, पण सांगितलं होतं. टारबॉक्सला त्याचा असा संताप आला की हातातली चौकट वाजायला लागली. मेल्यावरसुद्धा बरोबर ठरायचं या माणसानं सोडलं नाही.

दाखला टेबलावर वाळत पडला होता. काहीच करायचं नव्हतं खरं तर. बाई तो उचलून नेणार, चित्र भिंतीच्या मधोमध लागणार, आणि तो जाड्या म्हणणार, हे बघ, हे तर सगळ्यांच्या वर. वेंडोव्हरच्या कपाळी त्याहून मोठा डाग लावणं या जगात कुणाला शक्य नव्हतं. त्यासाठी फक्त युनिस त्याला देऊन टाकायची होती. चाळीस वर्षं जपलेली एकच गोष्ट, ती त्याच्या नावावर करायची, आणि गप्प बसायचं. फार सोपं होतं. सवयीनं, काय करावं सुचेना म्हणून, ते स्तोत्र पुन्हा नाकातून यायला लागलं.

मिसेस बीअर्स त्याच्याकडे वळली. बराच वेळ ऐकत राहिली.

"आई हेच सांगायची," ती हळू म्हणाली. "तो चितारी नाकातून गुणगुणायचा. हेच. आम्हाला झोपवताना तीही असंच गुणगुणायची, तोंड मिटून. आम्हाला वाटायचं, शब्द विसरली." भुवई वर चढलेली होतीच. "मिस्टर टारबॉक्स, तुम्ही होतात का ते?"

चाळीस वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत होता. तो भर सभागृहात, झुंबरांखाली विचारला जाणार होता, लोक बाजूला होऊन त्याला वाट देणार होते.

"कुठल्या मूर्खाचं चित्र आहे म्हणून मी आत्ता हसत होतो ना?" तो म्हणाला. "तो मूर्ख मी."

त्यानं वाळलेला दाखला उचलून मधोमध फाडला. दुसरा कागद घेतला. या वेळी अक्षर वाकडं आलं. लिहून झाल्यावर त्यानं तो तिच्याकडे सरकवला, आणि ती ओठ हलवत वाचू लागली : "हे चित्र जोसाया वेंडोव्हर यांचं नाही. इतकं वाईट काम त्यांना जन्मात जमलं नसतं. काढणारा गॅमेलियल टारबॉक्स, हॅडली, १८०९." वेंडोव्हरबद्दल त्यानं लिहिलेलं हे पहिलं चांगलं वाक्य, आणि ते लिहिताना दाढ उपटल्यासारखं दुखलं. बाकीच्या अकरांचं काय करायचं ते त्याला आत्ता ठरवायचं नव्हतं. डूख असा एका दुपारी उतरत नाही.

"आईला कधी वाईट वाटलं नाही ते," ती म्हणाली.

"तिला चित्रांतलं काय कळत होतं?"

"काही नाही." ती रजई गुंडाळायला लागली. "म्हणायची, त्या अकरा दिवसांत माझ्याकडे जसं कुणी बघितलं तसं पुढे कुणी बघितलं नाही. बाबांसमोर नाही हो, आमच्याजवळ. मग आता हे प्रदर्शनात लागणार नाही?"

"नाही."

"चला, बरं झालं. तसंही मला ते द्यायचं नव्हतंच. बंधूंची हौस." तिनं दोरीची गाठ मारली, कागद घडी करून हातमोज्यात घातला आणि दारापर्यंत जाऊन थांबली. पाठमोरीच होती. "तो झगा..."

"गुलाबी होता."

तिचे खांदे एकदम खाली आले.

"आम्ही तिला खोटं पाडलं शेवटपर्यंत," ती म्हणाली. "बंधूंना सांगते आज. ते ऐकायचे नाहीत. म्हणतील, कोण म्हणतं गुलाबी होता?"

टारबॉक्सनं नाक पुसलं.

"रंगवणारा म्हणतो म्हणावं."